आंबट काजळी

"जीभ दाखाव."

भागवत नाना माझ्याशी बोलले ते पहिलं वाक्य हे. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. कारखान्यातला माझा तो तिसरा दिवस होता. धुळ्याजवळच्या सोनगीरहून नवी कोरी पदवी घेऊन मी केमिस्ट म्हणून रुजू झाले होते आणि बॉयलर आतून कसा असतो ते बघायची मोठी हौस होती. साफसफाईसाठी तो बंद ठेवला होता, म्हणून कामगारांच्या मागोमाग वाकून आत शिरले आणि दहा मिनिटांत ठसकत बाहेर आले. तर दाराशी पांढऱ्या टोपीतला एक उंच, किडकिडीत माणूस स्टुलावर बसलेला. हातात टॉर्च, पायाशी पाण्याची बादली.

"मी नवीन केमिस्ट आहे," मी जरा ठसक्यातच म्हटलं.

"केमिस्टले जीभ नसते का?"

दाखवली. त्यांनी टॉर्च मारून ती नीट न्याहाळली, "गुलाबी आहे, जाय, चूळ भर," म्हणाले आणि माझ्या मागच्याला हाक मारली. पाच वर्षं शिकून मिळवलेल्या पदवीचं त्या माणसाला काडीचं कौतुक वाटलं नव्हतं. मला रागच आला होता, खोटं कशाला सांगू.

तापीच्या काठावरच्या आमच्या कारखान्याचं स्वतःचं लहानसं वीजकेंद्र होतं. आधी तिथे फर्नेस ऑइल जाळत. मी येण्याच्या महिनाभर आधी एका नव्या इंधनाची चाचणी सुरू झाली होती. डांबराचे अगदी बारीक थेंब पाण्यात घुसळून केलेलं ते मिश्रण टँकरमधून यायचं आणि स्वस्त पडायचं. कामगारांनी त्याचं नाव 'कायं ताक' ठेवलं होतं, म्हणजे काळं ताक. या ताकात गंधक भरपूर आणि वर व्हॅनेडियम नावाचा धातू. त्याची राख मैद्यासारखी बारीक. ती तोंडात गेली की जीभ हिरवट दिसायला लागते. जहाजांच्या बॉयलरवर काम केलेल्या एका म्हाताऱ्या फिटरनं नानांना कधीतरी हे सांगितलं होतं आणि नानांनी ते लक्षात ठेवलं होतं. जीभ हिरवी म्हणजे त्या माणसानं मास्क गळ्यात अडकवला, तोंडावर नाही, हे त्यांचं साधं गणित. अशा माणसाला ते दोन दिवस आत पाठवायचे नाहीत. सुपडू नावाचा एक कामगार एकदा हिरवी पेपरमिंट चघळून आला आणि जीभ काढून उभा राहिला. नानांनी त्यालाही दोन दिवस बाहेर बसवलं. "राखीची हिरवी का गोयीची हिरवी, ते मी काबरं शोधत बसू," म्हणाले. "गोयी खायाले मास्क काढलाच ना तू?"

नाना लॅबमध्ये सहायक होते, पण त्यांचं खरं काम चिमणीवर. महिन्यातून एकदा ते लोखंडी शिडीनं वरच्या कट्ट्यावर जायचे, चिमणीच्या भोकातून नळी आत घालायचे आणि पंपानं धूर ओढून घ्यायचे. धूर एका कागदी टोपणातून जायचा, त्याला थिंबल म्हणतात. थिंबलचं आधीचं वजन आणि नंतरचं वजन, मधला फरक म्हणजे धुरातली धूळ. गंधकाचा वायू बाटलीतल्या द्रावणात अडकवायचा. मग अहवाल. 'नमुना घेणार' या रकान्यात नानांची सही आणि खाली केमिस्ट म्हणून माझी. माझी सही मी त्यांच्या सहीकडे बघून करत असे, हे इथे कबूल केलेलं बरं.

मला त्यांनी चिमणीवर चढायला शिकवलं. "खाले पाहू नको, वर पाहू नको, हातापुरतं पाह्य," हे शिडीच्या पहिल्या पायरीवरचं त्यांचं वाक्य. मी धुळ्याकडची, म्हणून 'धुळेवाली' हे माझं नाव पडलं ते कायमचं. माझ्या तोंडून कधी 'आहे'ऐवजी अहिराणी 'शे' निघून गेलं तर सबंध लॅबला ऐकू जाईल असं तेही 'शे, शे' म्हणायचे. मग मी त्यांच्या केळीला 'केयी' म्हणून दाखवायची. अशी आमची फिटंफाट चालायची. वर कट्ट्यावर पोचलो की ते आधी टोपी काढून घाम पुसायचे आणि दूर दिसणाऱ्या आपल्या गावाकडे, केळीच्या हिरव्या पट्ट्याकडे, एकदा बघून घ्यायचे. "धुराले गाव नसतं, पोरी," एकदा म्हणाले, "म्हनून त्याच्यावर नजर ठेवाले गाववाला लागतो."

त्यांचा एक नियम होता. बॉयलरच्या नळ्यांवर काजळी बसते. ती वाफेचा जोरदार झोत मारून झाडावी लागते, दर पाळीत एकदा. तेवढी दहा-पंधरा मिनिटं चिमणीतून वाट्टेल ते बाहेर पडतं. नमुना घ्यायच्या दिवशी नाना सकाळीच कंट्रोल रूमला फोन करायचे, "आज पाव्हने आहेत." एवढं पुरायचं. नाना खाली उतरेपर्यंत कोणी काजळी झाडायचं नाही. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "घरात पाव्हने बसेल असतांना आपन झाडू मारतो का? धूय उडते, पाव्हन्याच्या ताटात पडते. थिंबल चोंदतं, वजन बिघडतं. धूर शांत असतांनाच त्याले इचारायचं." हे त्यांना त्यांच्या आईनं शिकवलेलं, आणि आईनं शिकवलेलं चुकतं असं नानांना वाटत नसे. मलाही ते इतकं पटलं की माझ्या वहीत मी ते लाल शाईनं लिहून ठेवलं.

महिन्यामागून महिने आमचे अहवाल मर्यादेच्या आत येत होते. अगदी काठावर, पण आत.

दिवाळीनंतर एके दिवशी कारखान्याच्या फाटकावर लीलाअक्का आली. ती नानांची चुलत बहीण, त्यांच्याहून पाचेक वर्षांनी मोठी. नवरा गेल्यानंतर एकटीच्या हिमतीवर तिनं केळीची बाग केली होती. काखेत गुंडाळी केलेलं केळीचं पान होतं. फाटकाच्या गजांतून तिनं ते नानांना दाखवलं. पानभर तपकिरी ठिपके, मध्ये काळा बिंदू. नानांनी पान उलटसुलट केलं, उन्हाकडे धरलं आणि म्हणाले, "करपा आहे. तेल आन् औषध मिळून फवार."

करपा म्हणजे केळीच्या पानांना करपवणारी बुरशी. आमच्या भागात ती दरवर्षीची पाहुणी, नवल काही नव्हतं. मी शेजारीच उभी होते. पान लॅबमध्ये घेऊन जावं असं त्यांना सुचलं नाही आणि मलाही नाही. अक्का क्षणभर थांबली, काही बोलेल असं वाटलं, पण पान काखेत घालून गेली. तिनं फवारणी केली. ठिपके थांबले नाहीत, तेव्हा पुन्हा पुन्हा केली. गावात इतरांच्या बागांतही तसेच ठिपके दिसायला लागले होते. ते विचारायचे, आणि उत्तर एकच मिळायचं, नाना म्हणतो करपा आहे. नानांचं म्हणणं म्हणजे लॅबचं म्हणणं, असा सगळ्यांचा विश्वास.

जानेवारीत नानांनी आम्हा लॅबवाल्यांना भरीत खायला बोलावलं. त्यांच्या स्वतःच्या शेतात त्या वर्षी कपाशी होती, पण वांगी अक्काच्या बांधावरची, म्हणून बेत अक्काच्या बागेत. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली, लसूण-मिरच्या कुटल्या, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आल्या. मी सकाळची पाळी करून तशीच गेले होते. पंगत बसली. अक्कानं केळीची पानं मांडली आणि जरा ओशाळून म्हणाली, "आवंदा पानं अशीच आहेत, माय. चांगलं एक बी नही गावलं."

पानावर पाणी शिंपडलं. माझ्या पानावरचा एक थेंब एका काळ्या ठिपक्यावर थांबला आणि बघता बघता तांबूस झाला. पर्समध्ये लिटमससारख्या कागदाची छोटी पुस्तिका होती, आम्लता तपासायची. मी नुसता चाळा म्हणून एक पट्टी त्या थेंबाला लावली. पट्टी लालभडक झाली. दुसरी पट्टी पानाच्या स्वच्छ भागावर लावली, ती तशीच राहिली.

समोर नाना भाकरी मोडत होते. त्यांनी माझ्या हातातल्या दोन्ही पट्ट्या पाहिल्या. मोडलेली भाकरी पानावर ठेवली आणि उठले. बागेत शिरून त्यांनी एकेका झाडाचं वरचं पान वाकवून पाहिलं. ठिपक्यावरचा काळा कण नखानं उचलला, तळहातावर घेतला. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. भरीत कोणाच्या घशाखाली गेलं नाही. अक्का मात्र पुन्हा पुन्हा विचारत होती, "तिखट झालं का?"

त्यांनी मला मोटरसायकलवरून कारखान्यापर्यंत सोडलं. फाटकाशी उतरल्यावर म्हणाले, "कोरडी काजयी आंबट नसते. मी फर्नेस ऑइलच्या हिशोबानं पाहत राह्यलो."

काय घडत होतं ते मग आम्ही दोघांनी मिळून समजून घेतलं. नव्या इंधनातल्या गंधकाचा काही भाग व्हॅनेडियममुळे आणखी पुढे जाऊन आम्ल होतो. काजळी ते शोषून घेते, ओलसर, चिकट होते आणि नळ्यांवर, चिमणीच्या आतून साचते. वाफेचा झोत मारला की तिचे पापुद्रे सुटून बाहेर पडतात. हिवाळ्यात सकाळी धूर वर जात नाही, आडवा पडतो, आणि ते पापुद्रे गावाच्या बागांवर उतरतात. हे सगळं त्या दहा-पंधरा मिनिटांत. आणि नेमक्या त्याच मिनिटांत आमची नळी चिमणीत कधीच नसायची, कारण पाहुणे असताना झाडू मारायचा नाही, हा नियम नानांचाच.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कंट्रोल रूमला फोन केला. "आज मी वर आहे. आन् आज झाडू मारा." पलीकडच्या माणसानं दोनदा विचारून खात्री करून घेतली. गुडघा दुखत असतानाही ते माझ्या पुढे चढले. झोत सुरू झाला तशी चिमणी थरथरली, घशात आंबट झणका बसला, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. नळी धरलेला हात मात्र त्यांनी हलू दिला नाही. थिंबल बाहेर काढलं तेव्हा ते काळंकुट्ट आणि ओलसर होतं. आकडा मर्यादेच्या कितीतरी वर गेला होता. काट्यावरचं वजन त्यांनी मला तीनदा करायला लावलं. त्यांची पांढरी टोपी घरी धुतली तर ठिकठिकाणी विरून तिची जाळी झाली, असं त्यांच्या बायकोनं मला नंतर सांगितलं.

आमचे मॅनेजर साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी अहवाल वाचला, दार लावून घेतलं आणि आम्हाला बसायला सांगितलं.

"नाना, चार महिन्यांनी तुम्ही रिटायर होताय. काजळी झाडताना नमुना घ्यायचा नाही ही तुमचीच पद्धत ना?"

"माहीच, साहेब."

"मग हा नमुना तुमच्याच पद्धतीत बसत नाही. आधीच्या सगळ्या अहवालांवर तुमची सही आहे. ते खोटे होते असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"खोटे नही. अर्धे व्हते," नाना म्हणाले. "अर्धं सांगतलेलं लोकायनं पुरं समजलं. ते माह्यामुळे समजलं."

त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. या इंधनावरचे आजवरचे अहवाल अपुरे धरावेत, काजळी झाडण्याची वेळ त्यांत मोजलेली नाही आणि तशी पद्धत आपण पाडली, असं त्यात लिहिलं होतं. खाली सही. साहेबांनी कागद वाचून टेबलावर ठेवला. मी पेन मागितला आणि नानांच्या सहीखाली माझी केली. ती एकदाच मी पूर्ण मजकूर वाचून केली होती. साहेबांनी तो कागद फाइलला लावून वर पाठवला, दडपला नाही, हे त्यांचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. दोन महिन्यांत टँकर बंद झाले. पुन्हा हे इंधन जाळायचं असेल तर आधी गंधक धुऊन काढणारी यंत्रणा बसवा, असं वरून ठरलं. ती काही अजून बसलेली नाही आणि टँकरही आलेले नाहीत.

नानांसाठी हे सगळं सोपं होतं. अवघड होतं ते अक्काकडे जाणं. त्यांनी मलाही बरोबर नेलं. एकट्याला धीर झाला नसता, असं ते स्वतःच म्हणाले. बागेची दशा आता कोणीही ओळखली असती. घडांवर काळे डाग पडले होते आणि माल उचलणारा व्यापारी बांधावरूनच पाहून निघून गेला होता. ओसरीवर बसून नानांनी अक्काला सगळं सांगितलं. करपा नव्हता. आमच्या चिमणीची काजळी होती. फवारणी व्यर्थ गेली, आणि ती नानांच्या सांगण्यावरून केलेली.

अक्का तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "करपा खालच्या पानापासून वर चढतो, भागवत. हे वरून खाले आलं. मले पयल्याच दिवशी दिसलं व्हतं."

नाना पुढे सरकले. "मंग बोलली काबरं नही?"

"तू म्हने करपा. लॅबमधला मानूस तू. मले वाटलं, माहीच नजर म्हतारी झाली."

मला त्या क्षणी तिथून उठून जावंसं वाटलं. नानांनी हात जोडले. "अक्का, बोल मले काही. शिव्या दे."

"काय बोलू? तू का मुद्दाम केलं?" ती उठली आणि चहा टाकायला आत गेली.

हीच गोष्ट नानांना सोसेना. गावात कोणी त्यांना दोष दिला नाही. पारावर जागा करून द्यायचे, लग्नात पहिलं बोलावणं त्यांना. निवृत्तीच्या समारंभात त्यांच्या प्रामाणिकपणावर तीन भाषणं झाली आणि नाना खाली मान घालून बसले होते. मला म्हणाले, "धुळेवाली, चूक मान्य केली का लोक चूकच इसरून जातात. आन् आपल्याले ती एकट्याले सांभायावी लागते." त्यानंतर ते रोज सकाळी अक्काच्या बागेत जाऊ लागले. केळीच्या बुंध्याशी फुटलेली पिलं काढायची, पाणी द्यायचं, सुकलेली पानं कापायची. तिनं कधी 'ये' म्हटलं नाही, कधी 'नको' म्हटलं नाही. आठ-पंधरा दिवसांतून एकदा ते म्हणायचे, "अक्का, एकदा बोल." ती चहा पुढे करायची. मी सुट्टीत जायची तेव्हा हे दोनदा माझ्या डोळ्यांदेखत घडलं. मला नानांची दया यायची आणि अक्काचाही राग यायचा नाही.

निवृत्तीनंतर दीड वर्षानं नानांच्या पोटात गाठ निघाली. जळगावच्या डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. ते गेले त्याच्या आठवडाभर आधी मी भेटायला गेले होते. दुपारची वेळ होती. ओसरीत खाट टाकलेली, अंगावर पातळ गोधडी. नाना इतके वाळले होते की मी आधी दुसरीकडेच बघून घेतलं. उशाशी त्यांची बायको, यमुनाबाई. पायाशी लीलाअक्का कप घेऊन बसली होती.

"अक्का," नाना म्हणाले. आवाज नुसता श्वासासारखा. "एकदा बोल ना वो."

अक्कानं कप खाली ठेवला. पदर खोचला.

"बोलू? मंग आयक. तुह्या एका शब्दावर ह्या वयात मी पाठीवर पंप घेतला. भर उन्हात. हाताची सालं गेली. व्यापारी बांधावरून पाह्यून गेला, माह्या घरचं पानी बी पेला नही. केयीत जलमला तू, भागवत. माह्यासंगं पिलं काढत मोठा झाला. करपा कसा चढतो ते तुले माहीत नव्हतं? मैलभर जागा. एक डाव येऊन एक पान वाकवून पाह्यलं असतं. कागदाकडे पाह्यलं, चिमनीकडे पाह्यलं, बहिनीच्या बागेकडे नही पाह्यलं. अन् मी येडी, माह्या डोयाले दिसत व्हतं ते सोडून तुह्या तोंडाकडे पाह्यत राह्यली."

तिचा आवाज चढत गेला. शेजारच्या घरातून माणसं डोकावली. यमुनाबाई कासावीस झाल्या, "अक्का, राहू द्या ना आता, त्यांची तब्येत..." म्हणत पुढे झाल्या. नानांनी गोधडीतून हात काढून त्यांना थांबवलं. अक्काकडे बघत ते ऐकत होते. दीड-दोन वर्षांत मी त्यांचा चेहरा असा मोकळा पाहिला नव्हता.

"तीन फवारे मारले मी," अक्का म्हणाली. ती आता रडत होती. "तीन फवारे, भागवत."

नानांचे ओठ हलले. ऐकू आलं नाही, म्हणून ती वाकली.

"चार," नाना म्हणाले. "संक्रांतीच्या आधीचा एक राह्यला."

अक्कानं बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं.

"व्हय," ती म्हणाली. "चार." आणि डोळे पुसून तिनं पुन्हा पहिल्यापासून बोलायला सुरुवात केली.